अमेरिकन सिव्हिल वॉरवर काय वाचायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लिंकन आणि गुलामगिरी एवढंच माहितीये. आधी गोष्ट थोडक्यात सांगा ना.

सांगतो. १८६० च्या नोव्हेंबरात लिंकन निवडून आला. त्याच्या पक्षाचं म्हणणं एवढंच होतं की पश्चिमेकडच्या नवीन मुलुखात गुलामगिरी पसरू द्यायची नाही, पण तेवढ्यावरूनच दक्षिणेतली राज्यं बिथरली. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला फुटलं, पाठोपाठ आणखी सहा, आणि त्यांनी जेफरसन डेव्हिसला अध्यक्ष करून आपलं वेगळं राष्ट्र काढलं, तीच कॉन्फेडरसी. १२ एप्रिल १८६१ ला चार्ल्सटन बंदरातल्या फोर्ट समटरवर त्यांनी तोफा डागल्या, युद्ध पेटलं, मग आणखी चार राज्यं तिकडे गेली म्हणजे एकूण ११. जुलै १८६३ च्या पहिल्या आठवड्यात दक्षिण गेटिसबर्गला हरली आणि तिचं व्हिक्सबर्ग शहर पडलं, तिथून पारडं फिरलं. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या जनरल लीने ॲपोमॅटॉक्सला उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या बाजूच्या, जनरल ग्रँटसमोर शरणागती दिली आणि पाचच दिवसांनी लिंकनला थिएटरात गोळी घातली. ४० लाखांच्या आसपास माणसं गुलामीत होती ती सुटली, निदान कागदावर तरी.

सुरुवात कुठल्या पुस्तकाने करू?

कादंबरीने करा, पण एकटी कादंबरी वाचू नका. खाली बहुतेक उत्तरांत मी जोड्याच सुचवल्यात, एक कादंबरी आणि तिच्या शेजारी एक इतिहासाचं पुस्तक. कारण काय, की या युद्धात हरलेल्या बाजूने नंतरची शंभर वर्षं इतक्या सुंदर गोष्टी लिहिल्या की जग त्याच खऱ्या समजायला लागलं. आपल्याला हे नवीन नाही, आपल्याकडेही पेशवाईवरची एखादी कादंबरी वाचून लोक थेट इतिहासावर भांडायला बसतात.

पहिली जोडी: मायकल शाराची 'द किलर एंजल्स' (१९७४) आणि जेम्स मॅकफर्सनचं 'बॅटल क्राय ऑफ फ्रीडम' (१९८८). दोन्हींना पुलित्झर मिळालंय. शाराची कादंबरी गेटिसबर्गच्या लढाईचीच आहे, १ ते ३ जुलै १८६३ आणि आधीचा थोडा भाग. एकदा उत्तरेच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात, एकदा दक्षिणेच्या, अशी चालते. सुट्टीत सहज संपेल.

आणि ते मॅकफर्सन? जवळजवळ ९०० पानं आहेत, झेपेल का?

झेपेल, फक्त एक गोष्ट आधी माहीत पाहिजे. पहिली अडीचशेच्या वर पानं युद्धच सुरू होत नाही. मेक्सिकोशी झालेली लढाई, नवीन जमीन, कॅन्ससमधला रक्तपात, पळून आलेल्या गुलामांना परत पाठवायचा कायदा, गुलामगिरीविरुद्ध हत्यार उचलणारा जॉन ब्राऊन, हे सगळं आधी येतं आणि लोक तिथेच पुस्तक मिटून ठेवतात. मिटू नका, कारण खरा प्रश्न तिथेच आहे, युद्ध का झालं हा. पुढच्या लढाया तो इतक्या सोप्या करून सांगतो की पानं भराभर जातात. अगदीच कंटाळा आला तर फोर्ट समटरपासून धरा आणि पहिला भाग नंतर वाचा, कोणी मार्क कापत नाही.

शेल्बी फूटचे तीन खंड जास्त भारी आहेत म्हणतात?

गद्य म्हणून विचाराल तर हो. फूट मिसिसिपीचा कादंबरीकार, त्याने या युद्धावर 'शायलो' नावाची छोटी कादंबरी आधीच लिहिलेली (१९५२), मग १९५८, १९६३ आणि १९७४ अशा तीन टप्प्यांत 'द सिव्हिल वॉर: अ नॅरेटिव्ह' आलं, मिळून तीनेक हजार पानांच्या घरात. तळटिपा नाहीत, गोष्ट सांगितल्यासारखं वाहत जातं, आणि सेनापती तर असे उभे करतो की पावसाळ्यात घरी बसून वाचत राहावं.

पण या माणसाचा जीव दक्षिणेत अडकलेला आहे हे विसरायचं नाही. त्याच्या मते या युद्धाने दोनच अस्सल प्रतिभावंत दिले, एक लिंकन आणि दुसरा नेथन बेडफर्ड फॉरेस्ट. हा फॉरेस्ट युद्धाआधी गुलामांचा व्यापारी होता, एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट पिलोला त्याच्या फौजेने शरण आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल केली, आणि युद्धानंतर तो कू क्लक्स क्लॅनचा, म्हणजे कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचा, पहिला प्रमुख झाला. फूटचा फॉरेस्ट वाचताना तुम्हाला तो आवडायला लागतो, हीच गडबड आहे. म्हणून फूट वाचा, पण मॅकफर्सननंतर.

'द किलर एंजल्स'मधलं किती खरं आहे?

लढाईचा आराखडा खरा आहे. मेन राज्यातला कॉलेजचा प्राध्यापक जोशुआ चेंबरलेन, लिटल राउंड टॉप नावाची टेकडी, गोळ्या संपत आल्यावर संगिनी लावून खाली मारलेली धडक, हे घडलेलं आहे. बस्टर किलरेन हा म्हातारा आयरिश सैनिक मात्र लेखकाने रचलाय आणि नेमका तोच लोकांना सगळ्यात जास्त लक्षात राहतो. लीच्या हाताखालचा जनरल लाँगस्ट्रीट, त्याच्या डोक्यावर इतकी वर्षं दक्षिणेतले लोक पराभवाचं खापर फोडत होते, या कादंबरीने त्याची बाजू सामान्य वाचकापर्यंत नेली, ते काम मोठंच.

जे नाही ते पण सांगतो. ली उत्तरेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात शिरला तेव्हा त्याच्या फौजेने तिथल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसांना धरून दक्षिणेत गुलाम म्हणून पाठवलं. बायका, पोरं सगळी. कादंबरीत एक पळून आलेला गुलाम क्षणभर दिसतो आणि तेवढ्यावर तो विषय संपतो. एकदा हे कळलं की लीच्या सभ्यपणाची पानं पहिल्यासारखी वाचता येत नाहीत.

(मुलाने म्हणजे जेफ शाराने पुढे 'गॉड्स अँड जनरल्स' आणि 'द लास्ट फुल मेजर' लिहून त्रयी केली. बापाची सर नाही. वेळ असेल तर बघा.)

'गॉन विथ द विंड' वाचावं की नाही? इकडे वाचतो म्हटलं की लोक नाक मुरडतात.

वाचा. हजारावर पानं आहेत आणि एकही कंटाळवाणं नाही, स्कार्लेट ओहारा ही स्वार्थी, हट्टी, भूक लागल्यावर काहीही करायला तयार असलेली बाई मार्गारेट मिचेलने जी उभी केलीय ती आजही जिवंत वाटते. अटलांटाचा वेढा, हॉस्पिटलमधली दुर्गंधी, पैसा मातीमोल होणं, हे सगळं घरात बसून युद्ध बघणाऱ्या बाईच्या नजरेतून येतं, ते त्या काळच्या सेनापतींच्या चरित्रांत नव्हतंच.

पण डोळे उघडे ठेवून वाचा. मिचेल १९०० साली अटलांटात जन्मली, लहानपणापासून म्हाताऱ्या कॉन्फेडरेट सैनिकांच्या गोष्टी ऐकत वाढली, आणि १९३६ मध्ये आलेलं हे पुस्तक म्हणजे त्या गोष्टींचा कळस आहे. त्यात गुलाम मालकांवर माया करतात, सुटका झाली तरी चांगले गुलाम घर सोडत नाहीत, आणि क्लॅनमध्ये जाणारे पुरुष म्हणजे बायकांची अब्रू राखणारे सज्जन. १९३९ च्या सिनेमात क्लॅनचं नावसुद्धा गाळलं, नुसती 'राजकीय मीटिंग' ठेवली, म्हणजे तेव्हाही ते कुठेतरी खुपत होतंच. मॅमीची, म्हणजे स्कार्लेटच्या घरातल्या गुलाम दाईची, भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार, पण अटलांटातल्या प्रीमियरला तिला जाता आलं नाही, कारण तिथे वंशभेदाचे कायदे होते. सिनेमात काय आहे यापेक्षा ही एक गोष्ट जास्त सांगून जाते असं मला वाटतं.

जोडी म्हणून मार्गारेट वॉकरची 'ज्युबिली' (१९६६) घ्या. तोच जॉर्जिया, तेच युद्ध, पण स्वयंपाकघरातून. वॉकरने आपल्या पणजीच्या आयुष्यावरून ती लिहिली. मिचेलच्या पुस्तकात पोळी आपोआप टेबलावर येते, इथे ती कोण करतंय आणि करपली तर काय होतं ते दिसतं. ॲलिस रँडलच्या 'द विंड डन गॉन' (२००१) मध्ये तर स्कार्लेटच्याच घरातली गुलाम सावत्र बहीण गोष्ट सांगते, मिचेलच्या वारसदारांनी कोर्टात खेचलं पण अपील कोर्टाने पुस्तकावरची बंदी उठवली. कादंबरी म्हणून ठीकठाक, पण आयडिया भन्नाट.

युद्ध गुलामगिरीवरून नव्हतंच, राज्यांच्या हक्कांवरून होतं, असं यूट्यूबवर ऐकलं. खरं का?

यूट्यूब राहू द्या, फुटलेल्या राज्यांनी तेव्हा स्वतः काय लिहिलं ते वाचा. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात अगदी सुरुवातीलाच येतं की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये सव्हानात भाषण करून गेला की आमच्या नव्या सरकारचा पायाच गोरा आणि काळा समान नाहीत या गोष्टीवर उभा आहे. हरल्यावर मात्र सूर बदलला. १८६६ मध्येच रिचमंडच्या एका संपादकाने, एडवर्ड पोलार्डने, 'द लॉस्ट कॉज' नावाचं जाडजूड पुस्तक काढलं, आणि पुढे शूर सैनिक, दैवी ली, राज्यांचे हक्क, सुखी गुलाम असा सगळा मसाला त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. पुतळे, शाळेची पुस्तकं, कादंबऱ्या, सगळीकडे तोच.

यावर चार्ल्स ड्यूचं 'अपॉसल्स ऑफ डिसयुनियन' (२००१) हे बारीकसं पुस्तक आहे. लेखक स्वतः दक्षिणेतला, पूर्वज कॉन्फेडरेट फौजेत लढलेले. दक्षिणेच्या राज्यांनी एकमेकांकडे दूत पाठवले होते, चला आमच्याबरोबर फुटा म्हणून सांगायला, त्या दूतांची भाषणं त्याने शोधून वाचली. पाहुण्यांसमोर नव्हे, आपापसात माणूस काय बोलतो ते त्यात आहे. एका बैठकीत होतं आणि नंतर वाद घालायची गरज उरत नाही.

पण साध्या सैनिकाकडे कुठे गुलाम होते?

बहुतेकांच्या स्वतःच्या नावावर नव्हते, बरोबर. पण फुटलेल्या राज्यांत सुमारे एक तृतीयांश गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम होते, साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत तर निम्म्याच्या आसपास, म्हणजे मूठभर जमीनदारांचा मामला नव्हता. उरलेले का लढले यासाठी मॅकफर्सनचंच 'फॉर कॉज अँड कॉम्रेड्स' (१९९७) बघा, सैनिकांची हजारो पत्रं आणि डायऱ्या वाचून लिहिलंय. शँड्रा मॅनिंगचं 'व्हॉट धिस क्रुएल वॉर वॉज ओव्हर' (२००७) त्याच्या पुढे जातं, तिच्या पुस्तकात दोन्हीकडचे साधे शिपाई युद्ध कशासाठी चाललंय हे स्वच्छ ओळखून आहेत.

गुलामीत असलेल्यांनी स्वतः लिहिलेलं काय आहे?

खूप आहे, आणि बरंचसं फुकट मिळतं. फ्रेडरिक डग्लसचं आत्मकथन (१८४५) शंभर-सव्वाशे पानांचं, वाचायला चोरून कसा शिकला तो भाग वाचला की पुढे थांबता येत नाही. हॅरिएट जेकब्सचं 'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल' नेमकं १८६१ मध्ये, युद्धाच्या तोंडावर, टोपणनावाने छापलं गेलं. मालकाच्या वासनेपासून सुटायला ती आजीच्या घरातल्या छपराखालच्या सांदीत, जिथे धड उभंही राहता येत नाही, जवळजवळ सात वर्षं लपून राहिली आणि खालून पोरांचे आवाज ऐकत होती. पुढे कित्येक अभ्यासक ही काल्पनिक गोष्ट आहे किंवा कुणा गोऱ्या बाईने लिहिलीय असंच धरून चालले, १९८० च्या दशकात जीन फेगन येलिनने कागदपत्रं काढून हे सगळं खरं आणि तिचंच आहे हे सिद्ध केलं. एका बाईचं खरं आयुष्य कादंबरी म्हणून खपवलं गेलं आणि प्लँटेशनच्या, म्हणजे गुलामांच्या मळ्यांवरच्या, कादंबऱ्या इतिहास म्हणून, हा उलटा न्याय या विषयात पावलोपावली भेटतो.

यांच्या जोडीला टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' (१९८७). मार्गारेट गार्नर नावाची गुलाम बाई १८५६ मध्ये पळाली, पकडायला आले तेव्हा पोरीला परत गुलामीत जाऊ द्यायचं नाही म्हणून तिने पोरीला मारलं, त्या घटनेवरून ही सुचली. अवघड आहे, पहिली पन्नास पानं काय चाललंय कळणार नाही, तरी रेटा. युद्ध त्यात जवळजवळ नाहीच, पण युद्ध ज्या गोष्टीवरून झालं ती पानोपानी आहे.

आणि इतिहासात दु बॉइसचं 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' (१९३५). गुलामांना लिंकनने सोडवलं असं आपण शिकलो, दु बॉइस दाखवतो की लाखो माणसं स्वतःच मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे चालू लागली, तो त्याला सरळ संप म्हणतो, आणि त्या लोंढ्याने सरकारला निर्णय घ्यायला लावला. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय पुरुष पुढे उत्तरेच्या सैन्यात लढले. पुस्तक जाड आहे, पण संपाचा भाग तरी वाचाच.

महात्मा फुल्यांचा आणि या युद्धाचा खरंच संबंध आहे?

आहे तर. 'गुलामगिरी' १८७३ मध्ये आलं आणि त्याची अर्पणपत्रिकाच अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करायला जी उदारता आणि निःस्वार्थ वृत्ती दाखवली त्याबद्दल, आणि माझ्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवायला तो कित्ता गिरवावा या आशेने. लीच्या शरणागतीला जेमतेम आठ वर्षं झालेली. पुण्यात बसलेला माणूस ही बातमी आपल्या लढाईला जोडून घेतो, आणि तीही हरलेल्या सेनापतींसाठी हळहळत नाही, थेट सुटलेल्या माणसांच्या बाजूने बघतो. 'बिलव्हेड'ची गोष्ट सुरू होते ते सालही योगायोगाने १८७३ च. दोन्ही लागोपाठ वाचून बघा, माझ्या मते मराठी वाचकासाठी यापेक्षा चांगली जोडी नाही.

मुंबई या युद्धामुळे श्रीमंत झाली हे कितपत खरं?

झाली, आणि मग कंगालही झाली. युद्धाआधी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा, गुलामांनी वेचलेला. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि मँचेस्टर-लँकेशायर उपाशी. मग वऱ्हाड, खानदेश, गुजरात इथला कापूस मुंबईहून मिळेल त्या भावाने जायला लागला. शहरात पैसा एवढा आला की ठेवायला जागा नाही, रोज नवी बँक, रोज नवी कंपनी, समुद्र बुजवायच्या योजना, बॅक बे कंपनीच्या शेअरचे भाव आभाळाला. सट्टेबाजांचा राजा प्रेमचंद रायचंद. मग लीने शस्त्रं ठेवल्याची खबर आली, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ ला, वायद्यांचे सौदे पुरे करायच्या दिवशी, अर्धी मुंबई दिवाळखोर निघाली. प्रेमचंदही बुडाला, बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. त्या तेजीत त्याने विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला तेवढा टिकला.

वाचायला तीन गोष्टी. दिनशा वाच्छांचं १९१० चं मुंबईच्या आर्थिक इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक, शेअरच्या वेडाचं वर्णन झकास आहे. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन', ते तर १८६३ मध्येच छापलंय, म्हणजे तेजी चालू असताना, फुगा फुटणार हे लेखकाला ठाऊक नाही ही त्यातली गंमत. आणि स्वेन बेकर्टचं 'एम्पायर ऑफ कॉटन' (२०१४), ज्यात मिसिसिपीचा मळा, लँकेशायरची गिरणी आणि वऱ्हाडातला शेतकरी एकाच धाग्यात येतात. विदर्भातल्या वाचकांनी तर हे चुकवूच नये, नगदी पिकाच्या मागे लागून धान्याखालची जमीन कमी होत जाण्याची गोष्ट त्यात आहे आणि ती काही अजून जुनी झालेली नाही.

जे लढले त्यांनीच लिहिलेलं सुचवा.

ग्रँटच्या आठवणी, डोळे मिटून. राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर भागीदाराने फसवलं, दिवाळं निघालं, वर घशाचा कॅन्सर, मागे बायकोचं कसं होणार म्हणून मरता मरता हा माणूस लिहीत बसला आणि २३ जुलै १८८५ ला, हस्तलिखित पुरं करून काही दिवसांतच गेला. मार्क ट्वेनच्या कंपनीने ते छापलं आणि बायकोला साडेचार लाख डॉलरच्या आसपास मिळाले. भाषा कशी, तर लष्करी हुकुमासारखी, एक शब्द जास्त नाही. लीबद्दल आदराने लिहितो आणि लगेच म्हणतो की ज्या कारणासाठी ते लढले ते माणसांनी लढायच्या सगळ्यात वाईट कारणांपैकी एक होतं.

दुसऱ्या बाजूचा साधा शिपाई हवा असेल तर टेनेसीच्या सॅम वॉटकिन्सचं 'कंपनी एच', मूळ नाव 'को. एच', १८८२ चं. उवा, चोरलेली कोंबडी, विनोद, आणि अचानक शेजारचा माणूस मेलेला. तो सांगतो की कंपनीत १२० जण भरती झाले आणि शेवटी ७ उरले. मेरी चेस्नटची डायरी पण वाचा, कॉन्फेडरेट बड्या घरांतल्या गप्पा, तिखट जिभेची बाई, मालक लोकांची गुलाम बायकांपासून झालेली पोरं प्रत्येक घरात दिसतात पण आपल्या घरातल्यांबद्दल कुणी बोलत नाही हेसुद्धा ती लिहून ठेवते. फक्त तिने युद्धकाळातल्या नोंदी १८८० च्या दशकात बसून परत लिहिल्या, म्हणून व्हॅन वुडवर्डने संपादलेली १९८१ ची आवृत्तीच घ्या.

ज्याने युद्ध बघितलंच नाही त्याची युद्धकादंबरी का वाचायची? 'रेड बॅज'बद्दल विचारतोय.

स्टीफन क्रेन १८७१ चा, म्हणजे युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी जन्मलेला, आणि 'द रेड बॅज ऑफ करेज' (१८९५) वाचून प्रत्यक्ष लढलेले म्हातारे म्हणायचे की असंच होतं. कारण त्यात सेनापती नाहीत, नकाशा नाही, एक घाबरलेलं पोरगं आहे जे पळून जातं आणि मग पळालो हे लपवत फिरतं. शंभर-दीडशे पानं. खरोखर लढलेला लेखक हवा तर अँब्रोज बिअर्सच्या कथा वाचा, तो शायलोच्या लढाईत होता आणि त्याच्या कथांत कुणालाच दयामाया नाही.

लढाया, तोफा वगैरे मला नको. माणसांची गोष्ट सांगणारं?

चार्ल्स फ्रेझियरची 'कोल्ड माउंटन' (१९९७). जखमी कॉन्फेडरेट सैनिक हॉस्पिटलच्या खिडकीतून निघतो आणि पायी घरी, डोंगराकडे चालायला लागतो, तिकडे त्याची वाट बघणारी एकटी बाई शेती करायला शिकते. संथ आहे, घाई असेल तर हात लावू नका. जेराल्डिन ब्रुक्सच्या 'मार्च'मध्ये 'लिटल विमेन'मधला तो गायब असलेला बाप युद्धात नक्की काय करत होता ते येतं, पुलित्झर मिळालेलं पुस्तक आहे. 'मार्च' आलं त्याच वर्षी म्हणजे २००५ ला डॉक्टरोची 'द मार्च' आली, उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेने जॉर्जिया जाळत नेला त्यावर. दोन्हींची नावं सारखी, ऑनलाइन मागवताना लेखकाचं नाव बघून मागवा.

यांच्या शेजारी ड्रू गिल्पिन फाउस्टचं 'धिस रिपब्लिक ऑफ सफरिंग' (२००८) ठेवा. विषय एकच, मरण. एवढी प्रेतं ओळखायची कशी, पुरायची कुठे, घरी कळवायचं कुणी, कारण सरकारकडे यासाठी काही यंत्रणाच नव्हती. मेलेल्यांपैकी दोन तृतीयांश तर गोळीने नाही, जुलाब-तापाने गेले.

मेलेल्यांचा आकडा प्रत्येक पुस्तकात वेगळा का?

जुन्या पुस्तकांत ६ लाख २० हजार असतो, तो एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींवरून. २०११ मध्ये डेव्हिड हॅकरने जनगणनेच्या आकड्यांवरून साडेसात लाखांच्या आसपास अंदाज काढला, त्यानंतरची पुस्तकं बहुतेक तो देतात. म्हणजे आकडा बघून पुस्तक कधीचं ते सांगता येतं.

लिंकनवर एकच वाचायचं तर?

एरिक फोनरचं 'द फिअरी ट्रायल' (२०१०). त्यात लिंकन देव नाही. गुलामगिरी वाईट म्हणतो पण सुटलेल्यांना परदेशी नेऊन वसवावं असंही बरीच वर्षं म्हणत राहतो, आणि हळूहळू बदलतो. डोरिस कर्न्स गुडविनचं 'टीम ऑफ रायव्हल्स' जास्त गोष्टीवेल्हाळ, मंत्रिमंडळातली भांडणं आवडत असतील तर ते. कादंबरीत गोअर व्हिडालची 'लिंकन' (१९८४), लिंकन नेहमी दुसऱ्या कुणाच्या नजरेतून दिसतो, त्याच्या डोक्यात लेखक शिरत नाही, ही युक्ती फार छान जमलीय. जॉर्ज सॉन्डर्सच्या 'लिंकन इन द बार्डो'ला २०१७ चं बुकर मिळालं. ११ वर्षांचा मुलगा विली फेब्रुवारी १८६२ मध्ये गेला, त्याच्या दफनानंतरच्या रात्रीची स्मशानातली गोष्ट, भुतं बोलतात. मध्ये मध्ये जुन्या पुस्तकांतले उतारे आहेत, त्यातले काही खरे आणि काही लेखकाने बनवलेले, म्हणून त्यातलं काही कुठे उद्धृत करायच्या फंदात पडू नका.

मराठीत हवं असेल तर वि. ग. कानिटकरांचं लिंकनचरित्र आहे, 'फाळणी टाळणारा महापुरुष' असंच त्याला म्हटलंय. नावातच दिसतं की लेखक आपली १९४७ मनात ठेवून तिकडे बघतोय.

लिंकनचं हेडमास्तरांना पत्र कुठल्या पुस्तकात आहे?

लिंकनच्या कुठल्याच नाही. वसंत बापटांनी मराठीत सुंदर आणलं आणि आपल्याकडे शाळाशाळांत भिंतीवर लागलं, पण लिंकनच्या समग्र लेखनात असं पत्र सापडत नाही. भिंतीवरून काढायची गरज नाही, फक्त खालचं नाव.

एकाच लढाईला दोन नावं आहेत, डोकं फिरतं.

उत्तरेवाले जवळच्या नदी-ओढ्यावरून नाव द्यायचे, दक्षिणेवाले गावावरून. बुल रन म्हणजेच मनॅसस, अँटिटम म्हणजेच शार्प्सबर्ग. पेन्सिलीने पहिल्या पानावर लिहून ठेवा. कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड हा उतरता क्रम, बाकी लष्करी तपशील सोडून दिला तरी चालतो.

पुस्तकं महाग आहेत हो.

नवीन मागवली तर आहेतच. पण डग्लस, जेकब्स, ग्रँट, वॉटकिन्स, क्रेन, बिअर्स हे सगळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आणि कायदेशीर आहेत, बऱ्याच जणांचं ऑडिओ लिब्रीव्हॉक्सवर. तीच फुकटातली पुस्तकं कुणीतरी घाईत छापून ऑनलाइन चारशे-पाचशेला विकतं, कव्हर चकचकीत आणि आत अक्षरं बारीक, ती घेऊ नका. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या प्रती शोधायला मजा येते. मॅकफर्सन शक्यतो कागदावरच घ्या, मोबाइलवर लढायांचे नकाशे दिसत नाहीत आणि नकाशाशिवाय व्हिक्सबर्ग कळणं अशक्य.

युद्ध संपल्यावर काय झालं त्यावर?

फोनरचंच 'रिकन्स्ट्रक्शन' (१९८८). सुटलेल्यांना मतदान मिळालं, कृष्णवर्णीय आमदार-खासदार निवडून आले, आणि १८७७ पर्यंत सगळं दहशतीने मोडून काढलं, हे वाचल्याशिवाय आधीची सगळी पुस्तकं अर्धवटच. मग हलकं काहीतरी म्हणून टोनी हॉर्विट्झचं 'कॉन्फेडरेट्स इन द ॲटिक' (१९९८) घ्या. आजही जुने गणवेश घालून लढायांची नाटकं करणाऱ्या लोकांबरोबर तो हिंडतो, त्यातले काही तर उपाशी सैनिकासारखं दिसायला वजन कमी करतात. हसता हसता मध्येच एक प्रकरण असं येतं, झेंड्यावरून झालेल्या खुनाचं, की हसू थांबतं.

वाचायला वेळच नाही, सिनेमा किंवा सिरीज चालेल का?

'ग्लोरी' (१९८९) बघा, मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या कृष्णवर्णीय रेजिमेंटवर आहे. केन बर्न्सची १९९० ची नऊ भागांची डॉक्युमेंटरी पण बघा, जुने फोटो आणि पत्रं फार सुरेख वापरलीत. त्यात दक्षिणी हेल काढून गोड गोड गोष्टी सांगणारा दाढीवाला म्हातारा सारखा येतो ना, तोच शेल्बी फूट. इतिहासकार बार्बरा फील्ड्स पण आहे, तिला वेळ बराच कमी मिळालाय, ती बोलायला लागली की आवाज वाढवा.